पडताळणी

ऐरोलीत, नवव्या मजल्यावर,
रात्री साडेदहाला माझी पाळी सुरू होते.
देशाचं नाव सांगत नाहीत. फाईलवर नुसतं 'खोरे ४'.
पैसा येतो एका थंड राजधानीतून.
तिथल्या लोकांना आपल्या पोरांच्या दंडांवर
सुईचे डाग नकोत.
बरोबरच आहे. कुणाला हवेत?
पैसा जातो एका जनरलकडे,
ज्याच्या देशात शेवटचं मतदान झालं तेव्हा मी चौथीत होते.
मधे मी.

माझ्या पडद्यावर जिवंत पान लाल दिसतं,
मेलेलं राखाडी.
पहिला आठवडा विचित्र वाटतं, मग बाजारातल्या मेथीचंच नवल वाटू लागतं.
लालचं राखाडी झालं की भोवती चौकट ओढायची,
'नष्ट' दाबायचं.
हेक्टर आपोआप मोजले जातात,
हेक्टरी ठरलेली रक्कम सुटते.
सुटून कुठे जाते, हे माझ्या कामात येत नाही.

खसखस मला माहीत होती ती अनारशावरची.
आई तिच्यावर पीठ थापायची,
तळताना तीच बाजू वर ठेवायची.
बोंडं, चिरा, चिकाचे काळे ओघळ
हे प्रशिक्षणात दाखवलं,
अर्धा तास, जेवणाच्या सुट्टीआधी.

मार्चमध्ये चौकट ११६ आली.
उतारावर लाल पट्टे, मधे एकोणीस छपरं.
पंधरा दिवसांनी पट्टे राखाडी.
छपरंही नाहीत.
छपरांएवढे काळे चौकोन होते.
आणि नदीपलीकडे, सरळ आखलेल्या कुंपणात,
लाल तसंच, टवटवीत,
त्यावर आधीच शिक्का: तपासणीबाह्य.

मी शेऱ्यात लिहिलं, घरे एकोणीस, आता शून्य.
श्रीवत्सन वाईट माणूस नाही.
बापसाच्या ऑपरेशनला दहा दिवस त्यानेच सोडलं होतं.
म्हणाला, जयवंती, घरं ही कॅटेगरी नाही,
सॉफ्टवेअरमध्ये रकानाच नाही.
मी विचारलं, मग अफूत धरू का?
मीटिंगमध्ये खसखस पिकली.
त्या मोसमात वाचलेलं तेवढंच पीक.

सकाळी दिवा गावात घरी पोचते
तेव्हा बापूस ओट्यावर मिश्री लावत असतो.
'तुजी खुर्ची हाय ना, तिथं आपली खाजण व्हती,'
हे तो आठवड्यातून एकदा सांगतो.
सिडकोची माणसं साखळी घेऊन आली,
चिखलात त्यांच्या चपला रुतल्या,
आजाने त्यांना पाणी दिलं,
मग तोंडावर शिव्या दिल्या.
पुढे साडेबारा टक्क्यांचे हेलपाटे, वकील, मोर्चा.
तुलना करू नये, कळतं मला.
आमची घरं कुणी जाळली नाहीत.
पण शिव्या द्यायला समोर माणूस होता.
खोरे चारमधल्या बाईने मान वर केली
तर तिला आभाळ दिसेल.

११६ माझ्या रांगेतच होती.
'पुन्हा पाहा' तीनदाच दाबता येतं.
तीनदा दाबून झालं होतं.

काल रात्री मी चौकट ओढली,
आणि तिच्या पोटात एकोणीस भोकं पाडली,
एकेका छपराच्या मापाची,
कोपरे नीट जुळवून. दीड तास गेला.
मग 'नष्ट' दाबलं.
क्षेत्र थोडं कमी भरलं.
तेवढे पैसे जनरलला मिळणार नाहीत.
त्याच्या जीपच्या एका फेरीचं डिझेल असेल.
बाकीचे मिळतील. माझ्या सहीने.

'किती मोजलंस आज?' बापसाने विचारलं.
हेक्टर त्याला कळत नाहीत.
मी म्हटलं, अकरा गुंठे वाचवले.
तो हसला नाही.
'कोनाचे?' म्हणाला,
आणि तांब्या हातात धरून
नावासाठी थांबला.